वेब्ली, प्रबल आणि बारा बोअर

सांगलीच्या विश्रामबागेत कुणाकुणाकडं रिव्हॉल्व्हर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाहिलेलं मात्र कुणी नसतं. ते दाखवायचं नसतंच. लग्नाच्या पंगतीत बसताना शर्टाचा घोळ कमरेपाशी उगाच दोनदा सारखा केला की काम भागतं. शेजारचा अंग चोरून बसतो आणि वाढपी जिलेबीचा आग्रह जरा अदबीनं करतो. घोळाखाली बहुतेक वेळा मोबाइलचं पाकीट नाहीतर हर्नियाचा पट्टा असतो, पण खात्री कोण करून घेणार?

आमच्या थोरल्या काकांच्या घोळाखाली मात्र खरंच वेब्ली असायचं. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं. आणीबाणी उठली त्या साली, १९७७ ला, त्यांनी ते एका इनामदारांकडून रीतसर परवान्यावर घेतलं. काका हळदीचे अडते. तेव्हा मार्केट यार्डातला सगळा व्यवहार रोखीचा. सौदे उरकले की कापडी पिशवीत नोटा भरून गावभागातल्या घरी यायचं. वाटेत काहीही होऊ शकलं असतं. झालं कधीच नाही, आणि याचं सगळं श्रेय काका वेब्लीला देतात. काकू देत नाहीत. त्यांच्या मते पिशवीवर पडलेले हळदीचे डाग बघून त्यात पोह्याचा चिवडा असावा असंच कुणालाही वाटलं असतं.

आता शेतकऱ्याचे पैसे थेट खात्यावर जातात. वाटेत लुटायला काही उरलेलंच नाही. मध्यंतरी ‘तुमचं वीजबिल थकलंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तेव्हा काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “माझ्याकडं रिव्हॉल्व्हर आहे, ध्यानात ठेव!” पलीकडचा नम्रपणे म्हणाला, “जी सर. ओटीपी बताइए.”

वेब्ली बदलावं की काय, हा विचार काकांच्या मनात तेव्हाच आला असावा.

त्याला खतपाणी घातलं नातवानं. त्यानं मोबाइलवर ‘प्रबल’ दाखवलं. सरकारी आयुध निर्माण्यांची २०२१ मध्ये मोडतोड होऊन ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या कानपूरच्या एका कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेलं हे नवं रिव्हॉल्व्हर. बोअर तेच, बत्तीस. वजन ६७५ ग्रॅम. पल्ला ५० मीटर, आधीच्या देशी मालाच्या दुपटीहून जास्त. आणि मुख्य म्हणजे याचं चेंबर बाजूला उघडतं.

हे बाजूला उघडणं काय प्रकरण आहे ते वेब्ली हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वेब्लीला घोड्याच्या बाजूला अंगठ्यानं दाबायचा एक खटका आहे. तो दाबला की सबंध रिव्हॉल्व्हर कमरेत मोडतं, नळी खाली लवते, आणि चेंबरच्या मधोमध बसलेली चांदणी सहाही रिकाम्या पुंगळ्या एका झटक्यात वर उचलून बाहेर फेकते. काका ही क्रिया दिवाणखान्यात रिकाम्या वेब्लीवर करून दाखवतात. करताना त्यांचं तोंड किंचित उघडतं आणि मुंज झाल्याच्या वयाचं होतं. कानपूरवाल्यांनी इतकी वर्षं जी बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरं विकली तीही मुळात वेब्लीवरच बेतलेली, तशीच कमरेत मोडणारी. ‘प्रबल’नं ती रीत सोडली. हॉलिवूडच्या सिनेमात मनगटाला हिसका देऊन चेंबर बंद करतात ना, ते याच जातीचं. (तसा हिसका द्यायचा नसतो, त्यानं कब्जा खिळखिळा होतो, असं जाणकार सांगतात. पण मग ते बाजूला उघडणारं घ्यायचं कशाला?)

तर काकांचा जीव जडला. आणि जीव जडल्यावर कळलं की कायदा आडवा आहे. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं असावीत असं ठरलं. काकांकडं वेब्ली, आणि आजोबांकडून आलेली बारा बोअरची दुनळी. कोटा फुल. प्रबल घरात यायचं तर दोघांपैकी एकाला जावं लागणार.

मग व्हरांड्यात सभा बसायला लागली.

विश्रामबागेत सल्ला मागावा लागत नाही. गेट उघडं दिसलं की सल्लागार आत येतात. समोरचे सर इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरांचं वजन, नळीची लांबी, धक्का असा सगळा तक्ता वहीत काढला आणि निष्कर्ष दिला की पन्नास मीटरचा पल्ला हा या गल्लीसाठी जादा आहे. गेटपासून पन्नास मीटर म्हणजे सरांचं स्वयंपाकघर. शिवाय काकांचे दोन्ही मोतीबिंदू मिरजेत काढलेले. वीस मीटरवरून ते सरांना अजून पोस्टमन समजून हाक मारतात.

कुपवाडच्या एमआयडीसीतला एक टर्नर येत असतो. वेब्लीची मुख्य स्प्रिंग थोडी मऊ पडलीय आणि बर्मिंगहॅमच्या कंपनीनं १९७९ मध्येच बंदुका बनवणं थांबवल्यामुळं सुटा भाग मिळणं मुश्कील, असं कानावर पडताच तो म्हणाला, “काका, नमुना द्या की. स्प्रिंग कशाला, असली दहा अख्खी काढून देतो.” काकांनी घाईघाईनं दार लावून घेतलं. परवान्याशिवाय हत्यार बनवायला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप, हे त्यांना तोंडपाठ आहे. टर्नरला याचं काहीच वाटलं नाही. त्याच्या मते भाव करून बघायला काय हरकत होती?

एका भाच्यानं बातमी आणली की मूळ वेब्लीच आता भारतात बनणार म्हणून २०२० साली जाहीर झालंय, उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं, लखनौच्या कंपनीशी भागीदारीत. यावर सभेत बराच वेळ शांतता होती. काकांना एकाच वेळी अभिमानही वाटला आणि फसवलं गेल्यासारखंही. दीडशे वर्षं ज्यांच्या हातात हे होतं त्यांना आपण घालवलं, आणि आता तेच हरदोईत येऊन बसलेत!

काकूंनी वेगळाच माल सुचवला. २०१४ साली कानपूरनं खास बायकांसाठी ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. अर्ध्या किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून डबीत घालून द्यायचे. काकूंनी फोटो बघितला. म्हणाल्या, “डबी चांगली आहे. नुसती डबी देतात काय?”

काकूंचा एकूण विषयाकडं बघण्याचा दृष्टिकोन हा असा आहे. एकदा काका जोशात येऊन म्हणाले, “सांगलीला हत्याराचं वावडं कधीच नव्हतं. १९४३ ला वसंतदादांनी इथला तुरुंग फोडला, भर दिवसा! खांद्यात गोळी लागली तरी मागं हटले नाहीत!” काकू कोथिंबीर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “त्यांनी तुरुंग फोडला. तुम्हाला वास्तुशांतीचा नारळ फोडायला गुरव लागला.”

पण काकांच्या विश्वासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथंच आहे. वेब्लीनं आजवर दगा दिलेला नाही, असं ते म्हणतात. खरं आहे. ज्याला कधी काही काम सांगितलं नाही तो दगा देणार कसा? या न्यायानं आमच्या घरातला सर्वात विश्वासू माणूस म्हणजे धाकटे काका.

एक संधी आली होती. २००५ च्या पुरात गावभागातलं घर पाण्यात गेलं. हरिपूरची हळदीची पेवंही त्याच पुरात बुडाली आणि काकांचा निम्मा धंदा चिखलात गेला. तेव्हा त्यांनी विश्रामबागेत उंचावर बंगला बांधला. नवं घर, आजूबाजूला मोकळे प्लॉट, आणि एका रात्री मागच्या अंगणात खुडबुड झाली. काका उठले. आता क्रम असा: चष्मा उशाला. कपाटाची किल्ली देवघरात, अन्नपूर्णेच्या मागं. देवघरात चपला घालून जायचं नाही म्हणून चपला काढल्या. कपाट गोदरेजचं, लग्नातलं. त्याचं दार उघडताना जो आवाज येतो त्यानं कुपवाडची कुत्री भुंकतात. लॉकरची किल्ली वेगळी, ती काकूंच्या कमरेला, आणि काकू झोपलेल्या. वेब्ली एका खणात, काडतुसं नियमाप्रमाणं दुसऱ्या खणात, साडीच्या घडीत. हे सगळं पार पाडून, सहा गोळ्या भरून, खटका बसवून काका मागच्या दारी पोचले तेव्हा चोर नळाची पितळी तोटी काढून घेऊन गेला होता. आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यानं तिथं चिंधी कोंबून ठेवली होती. काका म्हणतात, वेब्लीच्या धाकानं पळाला. चिंधीचं स्पष्टीकरण त्यांच्याकडं नाही.

नंतर २०२१ च्या डिसेंबरात मार्केट यार्डात गवा शिरला, तेव्हाही काका शर्टाचा घोळ सावरत निघाले होते. पाऊण टनाचं जनावर, वर वन्यजीव कायद्यात सर्वांत कडक संरक्षण असलेलं. कोपऱ्यावर सरांनी त्यांना अडवून परत पाठवलं. पुढं गव्याला वनखात्यानं पकडलं. काकांच्या बोलण्यात मात्र त्या दिवसाचा उल्लेख अजून ‘आम्ही थोडक्यात वाचवला त्याला’ असा येतो.

वेब्लीचं खरं वार्षिक काम खंडेनवमीला असतं. चौरंगावर मधोमध वेब्ली, डावीकडं दुनळी, उजवीकडं धाकट्या काकांचा स्पॅनर, काकूंची विळी आणि नातवाचा लॅपटॉप. गोळ्या आधी काढलेल्या असतात, तेवढी शिस्त आहे. मग काकू हळदीकुंकू वाहतात, आणि अडत्याच्या घरात हळद काय चिमटीनं वाहतात? राजापुरी हळदीची मूठ पडते. झेंडूची माळ नळीवरून चापाला गुंडाळतात. इतक्या वर्षांत ते कुंकू नेमकं कुठं कुठं गेलंय हे आम्हाला कोल्हापूरला कळलं.

कारण शेवटी काका म्हणाले, “भाव तरी काढून येऊ.” रिव्हॉल्व्हर म्हणजे काही स्कूटर नव्हे की दुकानात ठेवलं आणि वरचे पैसे देऊन नवी घेऊन आलं. विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलिस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, मुदत जाऊ द्यायची, घेणाऱ्याचाही परवाना हवा, मग आपल्या परवान्यावरची नोंद कमी, नवं घ्यायची परवानगी, नवी नोंद. पण भाव काढायला कायद्याची हरकत नाही. परवान्याचं पुस्तक वरच्या खिशात, वेब्ली पिशवीत, आणि आम्ही कोल्हापुरातल्या एका जुन्या बंदूकवाल्याकडं गेलो.

त्या गृहस्थांनी गल्ल्यावर पांढरं फडकं अंथरलं. वेब्ली हातात घेऊन खटका दाबला. नळी लवली, चांदणी वर आली, आणि फडक्यावर बारीक पिवळी-लाल भुकटी सांडली. त्यांनी ती बोटानं चोळली, वास घेतला.

“पूजा करता काय?”

“दर वर्षी,” काका अभिमानानं म्हणाले.

“चेंबरच्या आतसुद्धा?”

मग त्यांनी बारीक सळईला चिंधी गुंडाळून एकेक भोक पुसायला घेतलं. चिंधी प्रत्येक वेळी पिवळी धमक होऊन बाहेर यायची. काकांनी पिशवीतून काडतुसं काढली. खडकीची, म्हणजे पुण्याच्या त्या १८६९ पासूनच्या कारखान्यातली. पितळेवर हिरवट थर चढलेला.

“ही कधीची?”

काका आठवायला लागले. “विलासराव मुख्यमंत्री होते…”

“पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?”

वर्तमानपत्रात ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ असं छापून येतं. काकांच्या काडतुसांना ‘जिवंत’ हा शब्द लावता आला असता की नाही, याबद्दल त्या गृहस्थांनी मान हलवून जे मत दिलं ते मी इथं लिहीत नाही. पण नळीत डोळा घालून बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आटे कोरे करकरीत. झिजायला गोळी सुटायला हवी ना! काकांनी आजवर जे काही केलं नव्हतं, त्याचं हे फळ. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानेवाल्याला बाहेरून हत्यार मागवता येत नाही, त्यामुळं विलायती माल जेवढा देशात आहे तेवढाच, आणि असल्या कंडिशनमधला तर दिसतच नाही. द्यायचं असलं तर आधी मला सांगा. प्रबल घेऊन वर बरेच पैसे उरतील.

काकांनी वेब्ली ताबडतोब पिशवीत घातलं. इतकी वर्षं अडत केलेल्या माणसाला एवढं कळतं: घेणारा गोड बोलायला लागला की विकायचं नाही.

“मग दुनळी घेता?” त्यांनी विचारलं.

“बारा बोअर?” गृहस्थ हसले. “ती ठेवून घ्यायचे आम्हीच पैसे मागतो.”

म्हणजे दुनळी द्यावी, वेब्ली ठेवावं, प्रबल घ्यावं. हिशेब सुटला होता. पण दुनळी आजोबांची. आणि ती जाणार म्हटल्यावर गावाकडच्या चुलत्यांना एकदम आठवलं की ती मुळात सामाईक आहे.

एवढ्यात लोकसभेची निवडणूक लागली. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करत नाहीत. छाननी समिती बसते आणि जामिनावर सुटलेले, दंग्यात नाव आलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले असे लोक पाहून यादी करते. काका रोज वाट बघत होते. पिशवी भरून ठेवली होती. मागच्या गल्लीतल्या एका माजी नगरसेवकाला पत्र आलं. काकांना आलं नाही. ७ मेला मतदान होऊन गेलं तरी आलं नाही. काकांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. “म्हणजे माझ्यापासून कुणालाच काही धोका नाही असं सरकारचं मत आहे?” काकू म्हणाल्या, “सरकारचं पहिल्यांदाच काहीतरी बरोबर आलंय.”

या अपमानानंतर काका म्हणाले, आता वय झालं, पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा डॉक्टरचा दाखला, पुन्हा फेऱ्या. वेब्ली पोराच्या नावावर करून टाकावं. तशी सोय आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणं धारकाची सत्तरी उलटली किंवा हत्यार त्याच्याकडं पंचवीस वर्षं असलं की हयातीतच वारसाच्या नावानं करण्याचा अर्ज करता येतो. वारसाला अर्थात स्वतःचा परवाना मिळवावा लागतो. काका दोन्ही अटींत बसत होते. पुण्याच्या चिरंजीवांना फोन लावला. ते हिंजवडीतून म्हणाले, “बाबा, आमच्या सोसायटीत कुत्रं पाळायलासुद्धा कमिटीची परवानगी लागते. मला नको.”

फोन स्पीकरवर होता. आमची बहीण, काकांची धाकटी, भाजी घेऊन आत आली होती. ती इथंच शंभर फुटी रोडला राहते. पिशवी खाली ठेवून म्हणाली, “मग मला द्या.”

काकांना ऐकू आलं नाही असं आधी सगळ्यांना वाटलं.

“तू काय करणार?”

“तुम्ही काय करता?”

विलिंग्डन कॉलेजात असताना ती एनसीसीत होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते परेडपुरतं असावं असा समज. तिनं वेब्ली उचललं, नळी भिंतीकडं केली, बोट चापाबाहेर ठेवून खटका दाबला, सहाही भोकं उजेडाकडं धरून बघितली आणि म्हणाली, “कुंकू बंद. अक्षता वाहायच्या त्या डबीवर.” काकूंनी मान डोलावली. डबीचा विषय निघाल्यामुळं त्या खूश होत्या.

काका मुलीकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पन्नास मीटरवरचं दिसतं तुला?” ती म्हणाली, “सरांच्या स्वयंपाकघरात आज शेवग्याची आमटी आहे.”

असं सगळं जुळून आलं. कागद करायला वकिलांकडं गेलो. वकील म्हणाले, सोपं आहे, फक्त बाकीच्या वारसांचं ‘आमची हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र लागेल. चिरंजीवांना पुन्हा फोन.

पलीकडं थोडा वेळ नुसता एसीचा आवाज.

“मला नको म्हणालो मी,” चिरंजीव म्हणाले. “तिला द्या असं कुठं म्हणालो? आणि कोल्हापूरवाला भाव किती सांगत होता?”

त्यानंतर ते दर शनिवारी सांगलीला येतात. इतकी वर्षं दिवाळीलासुद्धा रजा मिळत नव्हती. व्हरांड्यातल्या सभेत ते आणि बहीण समोरासमोर बसतात, मध्ये चुलत्यांचा वकील दुनळीबद्दल आपली बाजू मांडतो, आणि सर तिघांचाही हिस्सा वहीत काढतात. प्रबलचं नाव कुणी घेत नाही. काकांची तब्येत मात्र सुधारलीय. परवा मला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, खडकीच्या काडतुसांचा नवा डबा आता मागवून ठेवावा काय.